परीक्षेचा नवा काटा

कोल्हापूर जिल्ह्यांत ऊस तोडून कारखान्याच्या दारीं नेणाऱ्या शेतकऱ्याला एक शंका वर्षानुवर्षें छळीत आली आहे. गाडी काट्यावर चढते, खिडकींतल्या चौकटींत आंकडा उमटतो, पावती हातीं पडते आणि गाडी पुढें सरकते. तो आंकडा खरा कीं खोटा, हें पारखण्याचें कोणतेंहि साधन त्या क्षणीं त्याच्यापाशीं नसतें. जुन्या तराजूची दांडी निदान डोळ्यांना दिसत असे. पारडें कोणीकडे झुकलें हें अडाण्यालाहि कळे. नवा काटा आंकडा सांगतो, कारण सांगत नाहीं. म्हणून बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेला ऊसहि कारखान्यानें बिनतक्रार घ्यावा, अशी मागणी या भागांतील शेतकरी चळवळीनें लावून धरली. सगळेच काटे खोटे आहेत असें त्या मागणीचें म्हणणें नव्हतें; ज्याचा माल त्याला माप ताडून पाहतां आलें पाहिजे, एवढेंच तिचें सार होतें.

याच शेतकऱ्यांचीं मुलें आतां दुसऱ्या एका काट्यापुढें बसूं लागलीं आहेत. बारावीनंतर अभियांत्रिकी, औषधनिर्माण किंवा कृषि या शाखांकडे वळणाऱ्या महाराष्ट्रांतील विद्यार्थ्याला जी सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि जिला घरोघर नुसतें 'सीईटी' म्हणतात, ती २०१९ सालापासून संगणकावर होते. पदव्युत्तर शिक्षण संपवून प्राध्यापक होऊं पाहणाऱ्याची 'नेट' परीक्षा डिसेंबर २०१८ पासून संगणकावर गेली. तलाठ्याच्या जागेसाठीं अर्ज करणारा पदवीधरहि २०२३ सालीं संगणकापुढेंच बसला. म्हणजे विद्यापीठाच्या आवारांत पाऊल टाकतांना एक यंत्र आणि तेथून पोटापाण्यासाठीं बाहेर पडतांना दुसरें यंत्र, असा हा प्रवास झाला आहे. मधल्या तीन-चार वर्षांत अद्याप लेखणी चालते, इतकेंच.

या यंत्रावर विद्यार्थ्याचा विश्वास कितपत बसला आहे आणि कितपत बसावा, हा प्रश्न वरवर पाहतां लहानसा वाटतो. परंतु श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं यंदा बारावीचा मुलगा वा मुलगी आहे त्यांना तो लहान वाटणार नाहीं. सरकारी महाविद्यालयांत प्रवेश मिळाला तर फी झेपते. नाहीं मिळाला तर जमीन गहाण टाकण्याची किंवा मुलीचें शिक्षण थांबविण्याची गोष्ट निघते. असा निवाडा ज्या आंकड्यावर व्हावयाचा, तो आंकडा कोठून आला हें विचारण्याचा हक्क त्या घराला आहे.

कागदावरच्या परीक्षेंत विश्वास कसा उत्पन्न होत असे, हें आधीं पाहिलें पाहिजे. प्रश्नपत्रिकेचें लाखबंद पाकीट विद्यार्थ्यांच्या देखत फोडावयाचें, तें फोडण्यापूर्वीं शाबूत होतें अशी दोघां विद्यार्थ्यांची सही घ्यावयाची, पुरवण्या दोऱ्यानें बांधावयाच्या, घंटा झाली कीं गठ्ठा मोजून सीलबंद करावयाचा. या साऱ्या विधींत पुष्कळसा देखावा होता, तरी तो उपयुक्त देखावा होता. स्वतःच्या हातानें लिहिलेला कागद विद्यार्थी स्वतःच्या हातानें पर्यवेक्षकाच्या हवालीं करी. कोल्हापुरास हें निराळें समजावून सांगावयास नको. राजर्षि शाहू महाराजांनीं बांधविलेलें खासबाग मैदान १९१२ सालीं सुरू झालें, त्याची रचनाच अशी कीं चहूंकडच्या प्रेक्षकाला हौद्यांतली कुस्ती बिनअडथळा दिसावी. कोणाची पाठ मातीला लागली हें हजारों डोळ्यांनीं एकदम पाहिलें म्हणजे हरलेल्या मल्लाच्या वस्तादालाहि वाद घालण्यास जागा उरत नाहीं. संगणकाची परीक्षा ही बंद खोलींतली कुस्ती आहे. निकाल बाहेर येऊन सांगितला जातो.

तथापि जुन्या पद्धतीचें गुणगान करतांना सावध राहिलें पाहिजे, कारण जें डोळ्यांना दिसे तें सगळें न्यायाचें होतें असें नाहीं. लाखबंद पाकिटाचा प्रवास विद्यार्थ्याला दिसे. परीक्षकाच्या घरीं रात्रीं दहा वाजतां कंटाळलेल्या हातानें पडणारा गुण त्याला कधींच दिसला नाहीं. १९१३ सालीं अमेरिकेंत स्टार्च आणि इलियट या दोघां अभ्यासकांनीं भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभरांहून अधिक शिक्षकांकडे तपासावयास धाडली. भूमितीसारखा विषय, जेथें उत्तर बरोबर किंवा चूक, मतभेदाला वाव नाहीं अशी सर्वांची समजूत. आलेले गुण २८ पासून ९२ पर्यंत पसरले होते! चीनमध्यें सुंग राजवटीच्या काळांत उमेदवाराच्या नांवावर कागद चिकटवीत, आणि तेवढ्यानेंहि समाधान न होऊन परीक्षकाला अक्षर ओळखतां येऊं नये म्हणून कारकुनांकडून सबंध उत्तरपत्रिकेची नक्कल करवून तीच नक्कल तपासावयास देत. माणसाच्या हातावर अविश्वास ही परीक्षेइतकीच जुनी वस्तु आहे. यंत्राजवळ निदान ओळखदेख नाहीं, जातगोत नाहीं, अक्षराची आवडनिवड नाहीं. तालुक्याच्या गांवीं शिकलेल्या, कोणाचा वशिला नसलेल्या मुलाला यंत्राचा हा कोरडेपणा आवडला तर त्यांत नवल नाहीं.

मग संशय कोठें उत्पन्न होतो? पहिली भीति अगदीं साधी असते: जें टिपलें तें तेथें राहिलें कीं नाहीं? मोबाइलवर बोटें सराईतपणें फिरविणाऱ्या कित्येक मुलांनीं टेबलावरचा संगणक आणि माऊस फारसा हाताळलेला नसतो. पडद्याच्या कडेला प्रश्नांचे क्रमांक रंगीत चौकटींत मांडलेले असतात. उत्तर दिलेला एका रंगाचा, सोडून दिलेला दुसऱ्या रंगाचा, पुन्हां पाहण्यासाठीं राखलेला तिसऱ्या रंगाचा. राखून ठेवलेलें उत्तर मोजलें जाईल कीं नाहीं, या एका शंकेंत कित्येकांचा वेळ आणि धीर दोन्ही खर्च होतात. त्यांतच वीज गेली, पडदा काळा झाला, तर छातींत धस्स होतें. वास्तविक या यंत्रणेची रचना अशी असते कीं प्रत्येक उत्तर टिपल्याबरोबर तें समोरच्या संगणकांत न राहतां सर्व्हर नांवाच्या मुख्य यंत्रांत जमा होतें. त्यामुळें समोरचा संगणक बंद पडला तरी विद्यार्थ्याला दुसऱ्यावर बसवितां येतें आणि उरलेला वेळ जेथें थांबला तेथूनच पुढें चालू होतो. कोणतें उत्तर केव्हां टिपलें आणि केव्हां बदललें, याचीहि नोंद राहते. कागदावरच्या परीक्षेंत इतकी बारीक नोंद कोणी कधीं ठेवली नव्हती. शेजाऱ्याचें पाहून लिहावें तर त्याच्या पडद्यावर प्रश्नांचा क्रमच निराळा असतो. हें सर्व परीक्षेआधीं दहा मिनिटें नीट समजावून सांगितलें तर निम्मी भीति तेथल्या तेथें विरेल. परंतु सूचना वाचून दाखविणारा स्वतःच रोजंदारीवर आणलेला तरुण असला, तर तो कसला समजावणार!

दुसरा संशय याहून खोल आहे. कागदाची परीक्षा एका दिवशीं, एका वेळीं, एका प्रश्नपत्रिकेवर होत असे. संगणक मात्र लाखो मुलांना एकदम पुरत नाहींत. म्हणून परीक्षा अनेक दिवस, सकाळ-दुपार अशा सत्रांत घ्यावी लागते, आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी काढावी लागते. मग गडहिंग्लजच्या मुलाला सोमवारीं सकाळीं अवघड पत्रिका आली आणि इचलकरंजीच्या मुलीला बुधवारीं दुपारीं सोपी आली, तर दोघांची तुलना कशी करावयाची? यावर उपाय म्हणून गुणांऐवजीं पर्सेंटाइल जाहीर करतात. हा शब्द आतां प्रत्येक घरांत ऐकूं येतो, पण त्याचा अर्थ विचारला तर शेंकडा गुण असें उत्तर मिळतें, आणि तें चूक आहे.

पर्सेंटाइल म्हणजे त्या विद्यार्थ्यानें आपल्याच सत्रांतील शंभरांपैकीं किती जणांची बरोबरी केली किंवा त्यांना मागें टाकलें, याचा आंकडा. एका सत्रांत १०,००० विद्यार्थी बसले आणि त्यांतील ९,५०० जणांना एखाद्या मुलाइतके अथवा त्याहून कमी गुण पडले, तर त्याचें पर्सेंटाइल ९५; मग त्याचे प्रत्यक्ष गुण २०० पैकीं १३० असोत कीं ११० असोत. अवघड सत्रांत ११० गुणांना जो मान, तोच सोप्या सत्रांत १३० ना. कल्पना सयुक्तिक आहे. ती ज्या पायावर उभी आहे तो पाया मात्र क्वचितच कोणी बोलून दाखवितो. तो असा कीं प्रत्येक सत्रांत हुशार, मध्यम आणि बेताच्या मुलांचें प्रमाण सारखेंच पडलें आहे. मुलें सत्रांत वाटतांना चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी झाली आणि संख्या मोठी असली, तर हें गृहीत बहुतेक खरें ठरतें. पण वाटणी तशी झाली कीं नाहीं, हें मुलाला कोण दाखवितो? त्याला दिसतो तो दशांश चिन्हापुढें सात स्थळें असलेला एक आंकडा. इतका सूक्ष्म आंकडा पाहून सामान्य माणसाला वाटावयाचें कीं मापहि तितकेंच सूक्ष्म आहे. वास्तविक २०,००० विद्यार्थ्यांच्या सत्रांत एक माणूस पुढें गेला कीं ०.००५ चा फरक पडतो. त्यापुढचीं स्थळें म्हणजे भागाकाराची शेपटी. पण प्रवेशाच्या यादींत त्या शेपटीवरहि कोणी वर चढतो, कोणी खालीं येतो.

तलाठी भरतींत या समानीकरणाचा जो प्रकार घडला तो अजून लोकांच्या ध्यानांत आहे. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२३ मध्यें ही परीक्षा अनेक सत्रांत झाली. २१ ऑगस्ट रोजीं सर्व्हर बंद पडल्यामुळें राज्यांत ठिकठिकाणीं उमेदवार परीक्षा केंद्रांबाहेर ताटकळले. पुढें जानेवारी २०२४ मध्यें गुणवत्तायादी लागली, तेव्हां २०० गुणांच्या परीक्षेंत एका उमेदवाराला २१४ गुण पडल्याचें दिसलें! महाराष्ट्रभर हंसें झालें आणि संतापहि झाला. गणिताच्या दृष्टीनें यांत अशक्य असें कांहीं नाहीं. अवघड सत्रांत जो फार वर राहिला त्याचे गुण सूत्रानें आणखी वर उचलले म्हणजे ते कमाल मर्यादा ओलांडूं शकतात. खुलासाहि तसाच करण्यांत आला. परंतु पायलीच्या मापांत सवा पायली धान्य बसलें असें सांगणाऱ्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक ज्या नजरेनें पाहील, त्या नजरेनें उमेदवारांनीं त्या यादीकडे पाहिलें. सूत्र आधीं समजाविलें असतें, एखादें सोडविलेलें उदाहरण अर्जाबरोबर छापलें असतें, तर निकालानंतरचा खुलासा सारवासारवीसारखा वाटला नसता. हा गणिताचा दोष नव्हता, शिकविण्याचा होता.

तिसरी गोष्ट प्रश्नपत्रिकेची. यंत्र चोख असलें तरी त्यांत घातलेला प्रश्न माणसानेंच लिहिलेला असतो. सत्रें वाढलीं कीं पत्रिका वाढतात, पत्रिका वाढल्या कीं चुका वाढतात. एक पत्रिका दहा वेळां तपासणें जमतें, वीस-पंचवीस पत्रिका तितक्या काळजीनें तपासणें जमत नाहीं. २७ एप्रिल २०२५ रोजीं सकाळच्या सत्रांत झालेल्या सीईटींत गणिताच्या ५० प्रश्नांपैकीं २१ प्रश्नांचे पर्याय चुकले होते. प्रत्येक प्रश्नाला दोन गुण. म्हणजे २०० पैकीं ४२ गुणांचा प्रश्न. मुलें उत्तर काढीत, तें उत्तर चारहि पर्यायांत नसे. पुन्हां काढीत, पुन्हां नसे. आपणच चुकत आहों या समजुतीनें किती मुलांचा तो तास गेला असेल, याची नोंद कोणत्याहि यंत्रांत नाहीं. तक्रारी झाल्या, चूक मान्य झाली, आणि ५ मे रोजीं त्या सत्रांतील सत्तावीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा ठरली. आठच दिवसांत फेरपरीक्षा घेतली ही तत्परता वाखाणण्याजोगी खरी. पण ज्या मुलीचे भौतिक आणि रसायन हे दोन्ही पेपर त्या दिवशीं उत्तम गेले होते, तिनें काय म्हणावयाचें? तिच्या हातचें निसटलें तें दुसऱ्याच्या चुकीनें.

त्याच मे महिन्यांत आफ्रिकेंतील नायजेरिया देशांत याहून मोठा प्रकार झाला. तेथील विद्यापीठांच्या प्रवेशासाठीं साऱ्या देशाची एकच संगणकीय परीक्षा असते. सुमारे साडेएकोणीस लाख मुलें बसलीं, आणि त्यांतील पंधरा लाखांहून अधिक मुलांना ४०० पैकीं २०० गुणहि मिळाले नाहींत. पहिल्यानें बोल लागला तो मुलांना: अभ्यास नको, मोबाइल हवा, वगैरे नेहमींचें. पण मुलांनीं आणि पालकांनीं पिच्छा सोडला नाहीं. तपास झाला, आणि असें आढळलें कीं लागोस आणि आग्नेयेकडील पांच राज्यांतील १५७ केंद्रांना जोडलेल्या सर्व्हरवर एक आवश्यक दुरुस्ती चढविलीच गेली नव्हती. त्यामुळें ३,७९,९९७ विद्यार्थ्यांचे निकाल बिघडले होते. परीक्षा मंडळाच्या प्रमुखानें वार्ताहरांसमोर चूक कबूल केली, जबाबदारी स्वतःवर घेतली, आणि तें सांगतांना त्याला रडूं कोसळलें. फेरपरीक्षा झाली. येथें ध्यानांत घेण्याजोगें हें कीं चूक यंत्रानें दाखविली नाहीं. निकालावर विश्वास न ठेवणाऱ्या मुलांनीं ती बाहेर काढविली. परीक्षा मंडळें अविश्वासाला उद्धटपणा समजतात. पुष्कळदां तो फुकट मिळालेला तपासनीस असतो.

महाराष्ट्रांत घाईचा धडा २०१७ सालींच मिळाला होता. मुंबई विद्यापीठानें त्या वर्षीं उत्तरपत्रिका कागदावर लिहून घेतल्या, पण त्या पडद्यावर तपासण्याचें ऐन हंगामांत ठरविलें. सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिका, ४७७ परीक्षा, आणि नवें तंत्र शिकावयास प्राध्यापकांना मिळालेले मोजके दिवस. कुलपतींनीं दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले, कांहीं उत्तरपत्रिकांचा पत्ता लागेना, परदेशीं जाऊं इच्छिणाऱ्यांचे प्रवेश धोक्यांत आले. ऑक्टोबरमध्यें कुलगुरूंना पद सोडावें लागलें. कल्पना मुळांत वाईट नव्हती. एका परीक्षेवर, एका विषयावर करून पाहिली असती तर चालतीहि. पण नांगराला नवा खोंड जुंपावयाचा तो आधीं माळावर फिरवून आणतात, पेरणीच्या दिवशीं थेट शेतांत उतरवीत नाहींत. ही शेतकऱ्याची अक्कल पुष्कळ शिकलेल्यांना सुचली नाहीं.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची गोष्ट याहून गुंतागुंतीची, आणि म्हणून अधिक विचार करण्याजोगी. १८ नोव्हेंबर १९६२ रोजीं राष्ट्रपति डॉ. राधाकृष्णन् यांच्या हस्तें ज्याचें उद्घाटन झालें, त्या या विद्यापीठाच्या हद्दींत आज कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. सोलापूर २००४ सालीं वेगळें झालें. चंदगड, शाहूवाडी, पाटण येथली डोंगराळ महाविद्यालयें आणि जतसारखा दुष्काळी मुलूख, सगळा याच छत्राखालीं. प्रश्नपत्रिका गाडीनें पोंचविण्याऐवजीं संगणकाच्या सुरक्षित मार्गानें महाविद्यालयांत पाठवून तेथेंच ऐन वेळीं छापून घेण्याची पद्धत या विद्यापीठानें स्वीकारली, ती या अंतरांमुळें सोयीची ठरली. विद्यार्थ्याला तींत कांहीं जाणवलें नाहीं. त्याच्या हातीं कागदच आला.

जाणवलें तें २०२० सालीं. महामारीमुळें वर्ग बंद, वसतिगृहें रिकामीं. अंतिम वर्षाच्या परीक्षेशिवाय पदवी देतां येणार नाहीं असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २८ ऑगस्टला लागला, आणि ऑक्टोबरमध्यें राज्यांतील विद्यापीठांनीं घाईघाईनें बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षा मांडल्या. शिवाजी विद्यापीठांत ज्याला जमेल त्यानें घरून आणि ज्याला जमत नाहीं त्यानें केंद्रावर येऊन, अशी दुहेरी सोय ठेवण्यांत आली. ती शहाणपणाची होती, कारण घाटाखालच्या आणि घाटावरच्या पुष्कळ वाड्यांत संपर्काची लहर टेकडीवर चढल्याखेरीज सांपडत नाहीं. पुण्यांत त्याच महिन्यांत पहिल्याच दिवशीं यंत्रणा कोलमडल्याच्या तक्रारी झाल्या. एकंदरींत महाराष्ट्रांतील विद्यार्थ्याची संगणकीय परीक्षेशीं पहिली मोठी ओळख झाली ती अशा धांदलींत.

आणि या ओळखीचा परिणाम विचित्र झाला. घरीं बसून, पुस्तक शेजारीं ठेवून, मित्राला फोन करून परीक्षा देतां येते हें दिसल्यावर गुण भरभरून पडले. कित्येक मुलांना ही पद्धत अतिशय विश्वासार्ह वाटूं लागली! २०२२ मध्यें परीक्षा पुन्हां वर्गांत घेण्याचें ठरलें तेव्हां राज्यांत ठिकठिकाणीं विद्यार्थी ऑनलाइन परीक्षेसाठीं रस्त्यावर आले. येथें 'विश्वास' हा शब्द जपून वापरला पाहिजे. सैल काट्यावरहि व्यापाऱ्याचा विश्वास असतो. ज्या परीक्षेवर देणाऱ्याचा विश्वास आणि घेणाऱ्याचा नाहीं, तिचें पुढें काय होतें हें त्या वर्षींच्या पदवीधरांनीं अनुभवलें. नोकरीच्या मुलाखतींत गुणपत्रिकेवरचें वर्ष पाहून समोरचा माणूस गालांतल्या गालांत हंसे. 'कोरोनाची बॅच' हें नांव त्यांना चिकटलें. ज्यांनीं प्रामाणिकपणें अभ्यास केला होता त्यांच्याहि गुणांची किंमत या हंसण्यानें उतरली, आणि ती कोणाजवळ मागावयाची हेंहि त्यांना कळलें नाहीं. सीईटीसारखी परीक्षा ठरलेल्या केंद्रांत, ओळख पटवून, पहाऱ्याखालीं होते. घरच्या परीक्षेशीं तिचें नातें नुसतें नांवाचें. तरी लोकांच्या मनांत दोन्ही एकाच पिशवींत पडल्या आहेत, आणि एकीची बदनामी दुसरीला भोवते.

उघड लबाडीविषयीं फार बोलण्याचें कारण नाहीं. तिच्या बातम्या रोज येतात. इतकेंच सांगितलें पाहिजे कीं लबाडी यंत्राबरोबर आली आणि कागदाबरोबर जाईल, ही समजूत भाबडी आहे. शिक्षक पात्रता परीक्षेंतील गुण वाढवून देण्याच्या ज्या प्रकरणांत डिसेंबर २०२१ मध्यें अधिकाऱ्यांना अटक झाली, ती परीक्षा कागदावरचीच होती. जून २०२४ मध्यें नेट परीक्षा पुन्हां कागदावर आणली गेली. १८ जूनला ती झाली, १९ ला रद्द झाली, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्यें संगणकावर घ्यावी लागली. उलट पक्षीं, राज्याच्या भरतीसाठीं चालविलेलें संगणकीय महापरीक्षा पोर्टल उमेदवारांच्या तक्रारींनंतर फेब्रुवारी २०२० मध्यें बंद झालें. परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध केंद्राचा नवा कायदा जून २०२४ मध्यें अमलांत आला, त्यांत संघटित गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटि रुपयांहून कमी नव्हे इतका दंड आहे. कायदा चोराला भिववील. पण प्रामाणिक चुकीनें ज्याचे गुण गेले त्याला कायद्याचा उपयोग काय?

त्याला हवा आहे दुसरा काटा. आणि आश्चर्य असें कीं संगणकाच्या परीक्षेंत तो काटा, निदान तत्त्वतः, कागदापेक्षां चांगला आहे. परीक्षा संपल्यावर कांहीं दिवसांनीं विद्यार्थ्याला त्यानें टिपलेलीं सर्व उत्तरें, सबंध प्रश्नपत्रिका आणि मंडळाच्या मतें बरोबर असलेलीं उत्तरें पडद्यावर पाहतां येतात. कागदाच्या काळांत उत्तरपत्रिकेची नक्कल मिळविण्यासाठीं अर्ज, फी आणि हेलपाटे लागत. येथें ती घरबसल्या समोर येते. एखादें उत्तर मंडळाचेंच चुकलें आहे असें वाटलें तर आक्षेप नोंदवितां येतो, तज्ज्ञ तो तपासतात, आणि मान्य झाला तर गुण त्या सत्रांतील सर्वांना मिळतो. अध्यापनाच्या दृष्टीनेंहि ही मोठी गोष्ट आहे. आपण कोठें चुकलों हें मुलाला प्रश्नागणिक कळतें.

अडचण दाराशीं आहे. सीईटीच्या एका आक्षेपाला १,००० रुपये भरावे लागतात, आणि आक्षेप खरा ठरला तरी ते परत मिळत नाहींत. देशपातळीवरच्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेंत हीच रक्कम दर प्रश्नाला २०० रुपये आहे. निरर्थक आक्षेपांचा पूर येऊं नये म्हणून फी ठेवली, हें समजण्याजोगें आहे. खोटी तक्रार करणाऱ्याचे पैसे बुडाले तर कोणी हळहळणार नाहीं. पण मंडळाचीच चूक दाखवून देणाऱ्याचे पैसे मंडळानें ठेवून घ्यावे, याला कोणता न्याय म्हणावा? शिवाय मुदत असते दोन-तीन दिवसांची, आणि आक्षेपासोबत पुरावा जोडावा लागतो. ज्या शहरांत खासगी शिकवण्यांचे मोठमोठे वर्ग आहेत तेथले शिक्षक रात्रींतून पत्रिका सोडवितात, चुकलेले प्रश्न हेरतात आणि आपल्या मुलांकडून एकत्र आक्षेप भरवितात. आजऱ्याच्या किंवा भुदरगडच्या मुलाला हें सांगणारा कोणी नसतो. त्याच्या महाविद्यालयांतील गणिताच्या प्राध्यापकांनीं त्या तीन दिवसांत एक खोली उघडी ठेवली, एक संगणक आणि एक छापयंत्र दिलें, आणि आलेल्या प्रत्येक मुलाची उत्तरयादी त्याच्याशेजारीं बसून वाचली, तर खर्च फारसा नाहीं. तूर्त तरी मे महिन्याच्या उन्हांत तो मुलगा तालुक्याच्या सायबर कॅफेंत बसलेला असतो. पडद्यावर त्याला दोन प्रश्नांचीं उत्तरें चुकीचीं दिसतात, एकाविषयीं खात्री असते, दुसऱ्याविषयीं नसते, आणि खिशांत हजाराचीच सोय असते.